आधी सापडलेली संख्या

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, वाणीची अधिष्ठात्री जी शारदा तिचे स्मरण करून, आणि ज्याच्या नगरीत माझे सारे आयुष्य गेले त्या विश्वेश्वराची अनुज्ञा घेऊन हे लिहावयास बसलो आहे. आज विजयादशमी. सकाळी घरात पाटीपूजन झाले. माझ्या साडेसात वर्षांच्या नातीने पाटी पुसली, पेन्सिलीला टोक केले आणि सरस्वती काढली. ज्यांच्या घरी ही रीत आता राहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो की ही सरस्वती म्हणजे देवीचे चित्र नव्हे. एकाचा आकडा, त्याला लागून दुसरा एक, मग तिसरा, असे एकच एक उभेआडवे मांडत गेले की जी नक्षी तयार होते, तिलाच आम्ही सरस्वती म्हणतो. तिला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे आणि नमस्कार करायचा.

नातीने आज ती एका बैठकीत पूर्ण केली. गेल्या वर्षी याच दिवशी तिने पाटीला हात लावायचे नाकारले होते. त्या नकाराला कारण मी होतो. तेवढे लिहून ठेवावे, म्हणून आज दुपारी विश्रांती न घेता हा कागद पुढे ओढला.

माझे आयुष्य पाठशाळेत गेले. मुंज झाल्यावर वेदाध्ययनास बसलो, पुढे व्याकरण शिकलो आणि त्याच पाठशाळेत चाळीस वर्षे संथा दिली. संथा देणे म्हणजे गुरूने एक पद उच्चारायचे आणि शिष्यांनी ते नेमून दिलेल्या वेळा परत म्हणायचे. समोर पुस्तक नसते. स्वर चढला की हात वर जातो, उतरला की हात खाली येतो. ओळ पाठ झाली की तीच पदे जोडीजोडीने म्हणवून घ्यायची, नंतर पुढेमागे गुंफून म्हणवून घ्यायची; एकही अक्षर सांडता कामा नये. या पद्धतीवर माझी श्रद्धा आहे, आजही आहे. तिच्यामुळेच कितीएक पिढ्यांचे धन कागदाविना आमच्यापर्यंत पोहोचले.

आमचे घर काशीत रामघाटाच्या गल्लीत आहे. मुलगा रेल्वेत, बहुतेक बाहेरगावी असतो. सून नागपूरकडची, इथे एका बँकेत नोकरी करते. नात चार वर्षांची झाल्यापासून तिची सकाळ माझ्याकडे आली. मी पूजा आटोपली की ती समोर पाटावर येऊन बसे. तिला अंक शिकवावयाचे ठरले, तेव्हा मला ठाऊक असलेल्या एकुलत्या एका रीतीने मी ते शिकवले. एक, दोन, तीन, चार, हात वर, हात खाली. मग जोड्या: एक दोन, दोन तीन, तीन चार. मग गुंफण: एक दोन, दोन एक, एक दोन, दोन तीन, तीन दोन, दोन तीन. पाच वर्षांची होईपर्यंत शंभरपर्यंतच्या संख्या ती या तिन्ही प्रकारांनी म्हणू लागली. चूक नाही, श्वास तुटत नाही, हात चुकत नाही. एकदा माझे एक जुने सहाध्यायी घरी आले होते. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले आणि शेवटी म्हणाले की, मुलगी असून हिने तुझ्या साऱ्या विद्यार्थ्यांना मागे टाकले. त्यातले ‘मुलगी असून’ मला टोचले, पण बाकीचे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवत राहिलो, हे नाकारत नाही.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदात तिच्या पहिलीच्या वर्गाची सहामाही झाली आणि शाळेतून बोलावणे आले. सुनेने अर्ध्या दिवसाची रजा काढली, मीही सोबत गेलो. वर्गशिक्षिका वयाने लहान, बोलायला मऊ, पण थकलेल्या दिसत होत्या. एका वर्गात पन्नासावर मुले म्हटल्यावर कोणीही थकेल. त्यांनी एक कागद आमच्यापुढे ठेवला. प्रत्येक ओळीत दोन संख्या छापल्या होत्या आणि त्यांतल्या मोठ्या संख्येभोवती गोल करावयाचा होता. अशा दहा ओळी होत्या. दहाही ओळींत नातीने लहान संख्येभोवती नीटनेटका गोल काढला होता.

“दादाजी, दस में से दस ग़लत,” शिक्षिका म्हणाल्या. “बच्चे आँख मूँदकर लिखें तो भी दो-चार सही निकल आते हैं.”

मग त्यांनी हेही सांगितले की परीक्षेच्या वेळी ती सारखी पुटपुटत होती, हात वरखाली करत होती, आणि आजूबाजूची मुले हसत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा पुन्हा तपासू. तेव्हाही असेच झाले तर उरलेले वर्ष तिला खालच्या, शिशुवर्गात बसवावे लागेल, म्हणजे पाया पक्का होईल. हे सगळे त्यांनी हळू आवाजात सांगितले, पण नात दारापाशी पाण्याची बाटली धरून उभी होती.

परतताना गल्लीत तिने माझे बोट धरले. घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाली, “आजोबा, छोट्या मुलांच्या बाकावर माझे पाय मावत नाहीत.”

त्या संध्याकाळी सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पदराला हात पुसत माझ्यासमोर बसली. ती सहसा मला उलट बोलत नाही.

“बाबा, राग मानू नका,” ती म्हणाली. “तुम्ही हिला संख्या नाही शिकवल्या, संहिता शिकवलीत. माझ्या काउंटरवर कोणी येऊन असं म्हणत नाही की ताई, आधी एकपासून म्हणून दाखवा.”

मी रागावलो नाही. पण ऐकलेही नाही. चाळीस वर्षे जी रीत फळाला आली ती एका कागदाने खोटी ठरेल, हे मला पटेना. मी निष्कर्ष काढला की पाठ अजून कच्चा आहे. दुसऱ्या दिवसापासून मी उलट पाठ सुरू केला: शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. पंधरा दिवसांत तोही तिला आला. त्यानंतर घरी मी दोन संख्या सांगून मोठी कोणती असे विचारू लागलो, तर काही उत्तरे बरोबर, काही चूक अशी येऊ लागली. दहात दहा चुकणारी मुलगी आता चार-पाच बरोबर सांगते, म्हणजे गुण आला, असे मी समजलो. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले असते तर असे समजलो नसतो. प्रश्न पुरा होण्याच्या आत ती “मला येत नाही” म्हणायची. पाटावर बसायची वेळ झाली की तिच्या पोटात दुखू लागायचे. एकदा तिची पाटी सापडेना. शोधल्यावर धान्याच्या कोठीमागे मिळाली.

असा दसरा आला. मी चौरंग मांडला, पोथ्या ठेवल्या, तिची पाटी ठेवली आणि तिला हाक मारली. ती आली, पण उभीच राहिली.

मी म्हटले, “काढ सरस्वती.”

“नको.”

“का ग?”

“ती एकच्या आकड्यांची असते. मला आकडे येत नाहीत. ती रागावेल.”

माझ्या हातात पळी होती, ती मी खाली ठेवली. चाळीस वर्षांत मी किती मुलांना विद्येच्या देवतेपुढे बसवले असेल, त्याची मोजदाद नाही. त्या देवतेचे भय एखाद्या लेकराच्या मनात मी घातले असेल, हे कधी ध्यानात आले नव्हते. मी तिला आग्रह केला नाही. पाटी कोरीच राहिली. सुनेने मागाहून येऊन त्यावर सरस्वती काढली आणि पूजा झाली.

तोरणे ओवायची राहिली होती. अंगणात सुनेने चटईवर झेंडूची फुले ओतली, एक तोरण गल्लीच्या दारासाठी आणि एक देवघरासाठी म्हणून त्यांचे दोन ढीग केले, आणि सुई-दोरा आणायला आत गेली. नात चटईच्या कडेला बसली होती. तिने ढिगांकडे एकदा पाहिले आणि आईला हाक मारून सांगितले, “आई, हे वाला ढीग कमी आहे.” मग आईची वाट न पाहता एका ढिगातली ओंजळभर फुले उचलून दुसऱ्यात टाकली.

मी खांबाला टेकून बसलो होतो. का कोण जाणे, उठून मी दोन्ही ढीग मोजले. एकात छप्पन्न निघाली, दुसऱ्यात चौपन्न. तिने मोजले नव्हते. ओठही हलले नव्हते.

तेव्हा मी चटईवर तिच्यासमोर बसलो आणि परीक्षा असे न म्हणता फुलांशी खेळू लागलो. वीस फुले इकडे, दहा तिकडे: तिने मान वर न करता बोट दाखवले. वीस आणि पंधरा: तेही लगेच. वीस आणि अठरा ठेवल्यावर ती थांबली, डोके तिरके केले, मग सांगितले. वीस आणि एकोणीस ठेवल्यावर म्हणाली, “हे तर तुम्हालाही नाही सांगता येणार.” मी डोळे मिटून तिला ढीग बदलायला सांगितले, उघडून पाहिले, आणि खरोखरच मला सांगता आले नाही. चार आणि पाच फुलांतला फरक एकाचाच. वीस आणि एकोणिसांतलाही एकाचाच. पहिला कोणाच्याही डोळ्यांत भरतो, दुसरा दिसत नाही. संख्या जसजशा वाढतात आणि एकमेकींच्या जवळ येतात, तसतशी दृष्टी मंद होते. सहा वर्षांच्या मुलीची होते तशी सत्तर ओलांडलेल्या म्हाताऱ्याचीही होते. या बाबतीत ती आणि मी एकाच वर्गात होतो.

मग मी तिला तो कागद आठवून विचारले. सत्तेचाळीस आणि बावन्न होते, तेव्हा तू सत्तेचाळीसला गोल का केलास?

“तो आधी सापडला.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी एकपासून म्हटलं. सत्तेचाळीस आला.” ती फुलाचा देठ खुडत होती. “मग थांबले. तुम्हीच सांगता ना, सापडलं की थांबायचं.”

हे मीच सांगत असे. पाठशाळेत मधला एखादा शब्द विचारला तर विद्यार्थी मनात प्रकरणाच्या आरंभापासून धावत येतो आणि तो शब्द आला की थांबून तिथून मोठ्याने म्हणू लागतो. “सापडलं की थांब” हे माझे रोजचे वाक्य. आणि एकपासून निघालेल्याला लहान संख्याच नेहमी आधी सापडणार. दहाही उत्तरे चुकली, कारण तिने दहाही वेळा माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती. ज्याला काहीच कळत नाही तो निम्मी तरी बरोबर आणतो. शिक्षिका सहज बोलून गेल्या होत्या आणि मी ते कानाआड केले होते.

“आणि शंभरपासून उलट म्हटलं तर?” मी विचारले.

“तर दुसरा सापडतो. पण मॅडमना कुठून पाहिजे ते त्या सांगतच नाहीत.”

मागे उभी असलेली सून हसू लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मला हसता आले नाही.

पुढचे काही दिवस मी याच विचारात होतो. फुलांचा ढीग नातीच्या डोळ्यांना कळत होता. संख्यांची माळ तिच्या जिभेला पाठ होती. या दोहोंची एकमेकांशी ओळख कोणी तरी करून द्यावयाची असते, हे मला सुचलेच नव्हते. तिच्या लेखी सत्तेचाळीस हा एका लांब स्तोत्रातला एक शब्द होता. त्या शब्दात किती फुले मावतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आणि मी माझी परीक्षा घेतली. लहानपणी पाठ केलेल्या दोन ऋचा मनाशी घेतल्या आणि स्वतःला विचारले, यांतली आधी कोणती येते? मला सांगता येईना. डोळे मिटून मी प्रकरणाच्या आरंभाला गेलो आणि तिथून धावत निघालो. ओठ हलत होते, हात मांडीवर वरखाली होत होता. साठ वर्षे जे माझ्या कंठात आहे त्याच्या मधोमध मला पाय ठेवता येत नव्हता. वेदाच्या बाबतीत तो दोष नव्हे. तिथे अखंडता हेच रक्षण. पण संख्या मधूनही गाठता यावी लागते. दरवेळी आरंभाच्या दारापर्यंत परत न जाता ती सरळ भेटली पाहिजे.

तिला शिकवण्यासाठी मी नवे काही शोधले नाही. शोधण्याइतकी माझी बुद्धी नव्हती. दसऱ्यानंतर पूर उतरत होता आणि मी सकाळी स्नानाला किती खाली जाता येईल ते पाहायला घाटावर जात असे. एके दिवशी ती मागून आली. गल्लीच्या तोंडाशी पहिली पायरी, तिथून खाली पाण्यापर्यंत. मी पायऱ्या मोजू लागलो, तीही मोजू लागली. एक्केचाळीस पायऱ्या उघड्या होत्या, त्याखाली पाणी. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस.

मी विचारले, “आज जास्त की काल?”

तिने माझ्याकडे असे पाहिले की, हे काय विचारणे झाले. “आज. काल इथे पाणी होतं ना.” आणि तिने पायाने ओल्या गाळावरची रेघ दाखवली.

तेव्हापासून आमचा नेम झाला. रोज जायचे, उघड्या पायऱ्या मोजायच्या आणि कालच्याशी ताडून पाहायच्या. दर दहावी पायरी गाळाखालून निघाली की ती हाताने पुसून तिच्यावर गेरूची एक रेघ ओढायची: दहावर, विसावर, तिसावर. मध्ये जी रुंद फरसबंदी आहे ती एक पायरी धरायची की नाही, यावर आमचा एक पूर्ण दिवस वाद झाला. मी म्हणत होतो ती पायरी नव्हे. ती म्हणाली, “आजोबा, ती म्हशीची पायरी आहे,” आणि खरोखरच तिथे एक म्हैस ऐसपैस बसलेली होती. शेवटी ती मोजण्यात घेतली.

एक नाविक रोज आम्हाला पाहत असे. नाव धूत तो एकदा म्हणाला, “पंडितजी, गंगा मइया की हाजिरी लगाते हैं क्या?”

नातीने त्याला वरूनच उत्तर दिले, “मइया आज तीन सीढ़ी पीछे गई हैं.”

“तो डाँटिए उनको,” तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून आम्ही दिसलो की आकडा विचारू लागला.

पहिले काही दिवस ती वरपासून एक, दोन, तीन असेच म्हणत उतरत असे, हातही हलत असे. मी गप्प राहायचे ठरवले होते, आणि गप्प राहणे हे त्या दिवसांतले माझे सर्वांत कठीण व्रत होते. बाराव्या की तेराव्या दिवशी ती माझ्यापुढे पळत सुटली, पन्नासाच्या गेरूच्या रेघेवर दोन्ही पाय जोडून उभी राहिली, आणि तिथून मोठ्याने सुरू झाली: एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. “आरंभापासून म्हण” हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ओठ दाबून धरले. ती बासष्टावर पाण्याशी पोहोचली, वळून पाहिले आणि हात उंचावून ओरडली, “आज बासष्ट!” एकपासून न निघता ती पहिल्यांदाच कुठे तरी पोहोचली होती.

त्यानंतर घरी बसूनही खेळ होऊ लागला. मी विचारी, अठ्ठेचाळीस कुठे? ती म्हणे, पन्नासाच्या दोन वर, कुत्री झोपते तिथे. छत्तीस? नाव बांधायची कडी आहे तिथे. मग मी दोन संख्या एकदम विचारू लागलो. ती डोळे मिटायची, पाऊल किंचित हलायचे, आणि उत्तर यायचे. दूरदूरच्या संख्यांना पटकन, जवळजवळच्यांना जरा थांबून, झेंडूच्या ढिगांसारखेच. तिच्या पोटात दुखणे केव्हा थांबले ते आमच्या लक्षातही आले नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. पुनर्परीक्षेला सून आणि मी दोघेही गेलो. शिक्षिकेने आम्हाला वर्गाच्या दाराशी बसू दिले आणि नातीला समोर घेतले. यावेळी कागद नव्हता. दोन-दोन कार्डे होती, प्रत्येकावर एक संख्या. सुनेने माझी बाही धरली होती, हे मला नंतर सुरकुत्यांवरून कळले.

पहिली काही कार्डे सहज गेली. मग अठ्ठावन्न आणि त्रेसष्ट आली. नात बाकावर ताठ बसली. ओठ मिटलेले, हात मांडीवर स्थिर. बाकाखाली तिचे एक पाऊल जरासे पुढे सरकले. तिने त्रेसष्टाच्या कार्डावर बोट ठेवले.

“आज बोल-बोलकर नहीं गिना?” शिक्षिकेने विचारले. “कैसे पता चला?”

“मैं साठ पर खड़ी हो गई,” नात म्हणाली. “अट्ठावन पीछे छूट गया था. तिरसठ अभी नीचे था.”

शिक्षिकेने काही न समजून आमच्याकडे पाहिले. मग पुढची जोडी मांडली. नऊ जोड्या बरोबर झाल्या. दहावी जोडी एकोणनव्वद आणि अठ्ठ्याण्णव अशी होती. नात कार्डांकडे पाहत राहिली. पाऊल हलले, थांबले, पुन्हा हलले. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आम्ही शहात्तर पायऱ्या मोजल्या होत्या.

“पता नहीं,” ती शेवटी म्हणाली. “वहाँ तक अभी पानी है.”

एकपासून म्हटले असते तर तिला एकोणनव्वद आधी सापडले असते. शंभरपासून म्हटले असते तर अठ्ठ्याण्णव. दोन्ही पाठ तिला उत्तम येत होते. पण जिथे आपण उभे राहिलो नाही तिथले सांगायचे नाही, असे तिने ठरवले होते. ते ‘पता नहीं’ ऐकून मला जे समाधान झाले, ते पहिल्या नऊ उत्तरांनी झाले नव्हते. मग सुनेने उठून शिक्षिकेला पायऱ्यांची सगळी गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी कार्डे गोळा केली आणि नातीला म्हणाल्या, “जाओ, अपनी सीट पर बैठो.” ती आपल्या मैत्रिणीशेजारी, आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसली. तिचे पाय तिथे नीट मावत होते.

मी अद्याप संथा देतो. अधूनमधून पाठशाळेतले विद्यार्थी घरी येतात, त्यांच्याकडून मी आरंभापासूनच म्हणवून घेतो. त्या मार्गात बदल करण्याचा अधिकार मला नाही आणि इच्छाही नाही. नातही माझ्याजवळ बसून स्तोत्रे शिकते, हात वरखाली करून. फक्त संख्या आता मी शिकवत नाही. त्या तिच्या ती पाहते.

या ज्येष्ठात गंगा फार उतरली. एका सकाळी नातीने मला उठवून खाली नेले. शेवाळलेल्या, निसरड्या पायऱ्या होत्या. एरवी त्या आम्हाला दिसत नाहीत. तिने माझा हात घट्ट धरला होता, तिला आधार म्हणून की मला, ते सांगता येत नाही. नव्वदाच्या पायरीला तिने गेरू लावला. पाणी चौऱ्याण्णवाशी होते. नाविकाने आकडा विचारला, तिने सांगितला. मला ते शेवटचे कार्ड आठवले.

मी म्हटले, “एकोणनव्वद तर आपण वर सोडून आलो. मग आता सांग, मोठी कोणती? एकोणनव्वद की अठ्ठ्याण्णव?”

तिने पाण्यात पाहिले. पाणी हिरवट होते, तळ दिसत नव्हता. तिने पाऊल पुढे केले, पाण्याला टेकवले आणि मागे घेतले.

“अठ्ठ्याण्णव,” ती म्हणाली. “दिसत नाही. पण आहे.”

मी आयुष्यभर ज्याची उपासना केली त्याविषयी याहून अधिक मला कधी सांगता आलेले नाही.

आज सकाळी पाटीवर सरस्वती काढून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले आणि सांगितले की आईने गेल्या वर्षी काढलेल्या सरस्वतीत एकाचे आकडे कमी होते, हिच्यात जास्त आहेत. ती पाटी तर केव्हाच पुसली गेली. तरी मी मान डोलावली.

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, तुमच्या घरी जी लेकरे असतील त्यांच्या जिभेवर शारदा वसो आणि त्यांच्या डोळ्यांतही वसो. लेकरे अडली तर त्यांना कुठे अडले ते विचारण्याचे धैर्य तुम्हाला लाभो, आणि त्यांचे उत्तर ऐकण्याइतके मौनही. काशीविश्वेश्वर तुमचे घर अन्नाने, विद्येने आणि लेकरांच्या पावलांनी भरलेले ठेवो. शुभं भवतु.